रोज चार मिनिटं आधी

लोणखेड्याच्या कॉलेजातली भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा उघडायचं काम ममता पावराकडे होतं. सकाळी पावणेदहाला ती कुलूप काढायची, लोलक, भिंगं, मीटर जागच्या जागी आहेत का ते पाहायची, आणि मुलं यायच्या आधी पाच मिनिटं खिडकीशी नुसती उभी राहायची. खिडकीतून केळीच्या बागा दिसत आणि त्यांच्या पलीकडे सातपुड्याची निळसर रेघ. त्या रेघेच्या आत कुठेतरी तिचा पाडा होता, खैरमाळ. आश्रमशाळा, मग याच कॉलेजात बी.एस्सी. आणि मग इथेच सहायकाची नोकरी, असं करता करता डोंगरातून खाली आल्याला तिला चौदा वर्षं झाली होती. मुलं तिला मॅडम म्हणत. ज्यांच्या माडीवरची खोली तिने घेतली होती त्या धनुबाई तिला पोरी म्हणत.

ममता बोलायला कमी. पण हात असा की तिने डाग दिलेली तार पुन्हा कधी सुटली नाही. बिघडलेला मीटर दुकानात पाठवण्याआधी एकदा ममताच्या टेबलावर ठेवायचा, हा तिथला अलिखित नियम होता.

तिच्या मनात एक गोष्ट मात्र शाळकरी वयापासून तशीच राहिली होती. ती दहावीत असताना वनहक्काच्या दाव्यासाठी जमीन मोजायला माणसं खैरमाळला आली. त्यांच्याकडे हातात मावेल एवढं यंत्र होतं. तिचे वडील गोवाल ते यंत्र तळहातावर धरून आपल्या शेताच्या बांधाने फिरले, देवाची मूर्ती न्यावी तसे, जपून, न बोलता. पुढे नकाशा आला. त्यात शेताचा एक कोपरा नाल्याच्या पलीकडे, कड्याच्या खडकात जाऊन बसला होता, आणि अलीकडचा चांगला काळ्या मातीचा तुकडा बाहेर राहिला होता. गोवालने विचारलं तर मोजणीवाला म्हणाला, “दादा, ते वरून येतं. उपग्रहातून. त्यात आम्ही काय करणार?”

गोवालने वर पाहिलं. ममतानेही पाहिलं. वर नुसतं आकाश होतं. शेत ते पूर्वीसारखंच कसत राहिले, नाल्याच्या अलीकडचंच. पण कागदावर शेत एका जागी आणि पायाखाली दुसऱ्या जागी, हे त्यांना कधी पचलं नाही. आणि ममताला कुतूहल राहिलं ते वेगळंच. वरून येतं म्हणजे नक्की काय येतं?

ते समजायची वेळ आली ती एका डिसेंबरात. कॉलेजातून निवृत्त झालेले उमाकांत सर आपली जुनी कपाटं रिकामी करत होते. ममता मदतीला गेली. एका डब्यात पेनड्राइव्हएवढी काळी वस्तू निघाली, लॅपटॉपवर टीव्ही पाहायची.

“टाकून देऊ?” ममताने विचारलं.

“टाकू नकोस,” सर म्हणाले. “हिला टीव्हीचंच ऐकायला येतं असं नाही. हवेतल्या वाटेल त्या लहरी ही आकडे करून संगणकाला देते. पुढचं सगळं सॉफ्टवेअरने करायचं. लोकांनी त्यावर उपग्रहांचं ऐकणारं सॉफ्टवेअर लिहिलंय, जागा सांगणारं. आणि ते उघडं आहे. कोणीही वाचावं, कोणीही बदलावं.”

“म्हणजे मोजणीच्या यंत्राच्या आत जे चालतं ते वाचता येतं?”

“ओळ न् ओळ.”

ममताने ती वस्तू रुमालात बांधून घरी आणली.

तिच्याकडे जुना लॅपटॉप होता. त्यात तिने लिनक्स टाकलं, सॉफ्टवेअर मूळ स्वरूपात उतरवून घेतलं आणि ते जुळवायला बसली. सॉफ्टवेअर जुळवणं म्हणजे काय हे तिला तेव्हा नीट कळलं. एक भाग दुसरा मागतो, दुसरा तिसऱ्याशिवाय हलत नाही. लॅपटॉप दिवस दिवस घुरघुरत राहायचा, पडद्यावर टक्के सरकायचे, बेचाळीस, त्रेचाळीस, मध्येच लाल अक्षरं. वीज गेली की बॅटरी संपून सगळं थांबायचं. पण झालेलं काम पुसलं जात नसे, वीज आली की पुढून सुरू व्हायचं. तीन रविवार असे गेले. चौथ्या रविवारी शंभर टक्के झाले तेव्हा ती खिडकीत बसून मटार सोलत होती, आणि तिला उठून पाहावंसंही वाटेना, इतकं ते शांतपणे झालं.

अँटेना शेजारच्या शहाद्याच्या एसटी स्टँडजवळ गाड्यांची वायरिंग करणाऱ्याकडे मिळाली, ट्रकच्या टपावर चुंबकाने चिकटणारी. तिला वीज लागते आणि टीव्हीच्या यंत्रातून ती मिळत नाही, हे कळायला आठवडा गेला. मग ममताने नखाएवढी जोडणी स्वतः डाग देऊन केली, आणि अँटेना घेऊन गच्चीवर गेली. तिथे धनुबाईंनी साबुदाण्याचे पापड वाळत घातले होते.

“काय करी ऱ्हायनी वं पोरी, एवढा उनमा?”

“आंटेना ठी ऱ्हायनू, मावशी,” ममता म्हणाली. इतक्या वर्षांत तिला अहिराणी येऊ लागली होती, पण मुलग्याने बोलावं तसं मध्येच तोंडून निघून जायचं, आणि धनुबाईंना त्याची गंमत वाटायची.

“टीव्हीना?”

“नई. उपग्रहना.”

“त्यासले काय सांगनं शे?”

“काहीच नई. नुसतं ऐकनं शे.”

धनुबाईंनी पापडांची एक रांग मागे सरकवली आणि तारेला वाट करून दिली.

ऐकू मात्र काही आलं नाही. सॉफ्टवेअर बत्तीस उपग्रहांची नावं घेऊन एकेकाला हाक मारल्यासारखं शोधायचं, एक नाही, दोन नाही, तीन नाही, आणि पुन्हा एकपासून सुरू करायचं. ममताने वाचलं होतं की उपग्रहांचा आवाज इतका क्षीण असतो की हवेतल्या गोंगाटाखाली तो पुरलेलाच असतो. प्रत्येकाची आपली एक ठरलेली खूण असते, ती तो क्षणोक्षणी पुन्हा पुन्हा म्हणत राहतो, आणि आपण तीच खूण गोंगाटावर सरकवत सरकवत जुळते का पाहायचं. वाचून कळलं होतं, पण जुळत नव्हतं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला.

होळीला ती खैरमाळला गेली. सातपुड्यात होळीला गावोगावचे लोक ढोल घेऊन डोंगर उतरून एका ठिकाणी जमतात. दिवस कलत होता. गोवाल अंगणात खाटेवर डोळे मिटून बसले होते. तरुणपणी ते नावाजलेले ढोलवाले. चारी दऱ्यांतून ढोल एकमेकांत मिसळून नुसती घरघर ऐकू येत होती.

“करमसिंगचे लोक निघाले,” ते पावरी बोलीत म्हणाले. करमसिंग म्हणजे पलीकडच्या डोंगरावरचा त्यांचा जुना जोडीदार. “टेकाड ओलांडलं त्यांनी.”

“बा, एवढ्या आवाजात तुम्हाला कसं कळतं?”

“त्यांचा ठेका मी मनात धरून बसतो. तो आत वाजत असला की बाहेरचा येऊन त्याला लागतो. मग बाकीचे ढोल ऐकू येत नाहीत.”

ममता त्यांच्या जवळ खाटेवर बसली. “आणि चालून दमले, सावकाश वाजवायला लागले तर?”

“मग मी पण सावकाश करून बघतो.”

“तरी लागला नाही तर?”

गोवालने डोळे उघडले. लेक काहीतरी खरंच विचारते आहे हे त्यांना कळलं, म्हणून त्यांनी उत्तराला वेळ घेतला. “तर माझाच ठेका चुकलेला. म्हातारा झालो, हात पळतो. मग मी खूप मागे येतो, खूप पुढे जातो. कुठेतरी लागतोच.”

समोर साग उभे होते, पानं गळालेले, आणि ढोल जवळ येत होते. तिला एकदम दिसलं की ती दोन महिने उपग्रहांना दोष देते आहे, आणि घड्याळ चुकतंय ते तिच्या यंत्राचं. टीव्ही पाहण्यापुरतं केलेलं स्वस्त यंत्र. त्यातला ठेका धरणारा स्फटिक किती थरथरतो ते तिने तपासलंच नव्हतं.

लोणखेड्याला परतल्यावर तिने सॉफ्टवेअरला सूचना देणारी फाइल उघडली. लहरींच्या कंप्रतेच्या शोधाचा पल्ला होता दोन्हीकडे दहा हजार हर्ट्झ. तिने तो एक लाख केला. दुपारचे दोन वाजले होते, उसाचे ट्रॅक्टर रस्त्याने चालले होते. सॉफ्टवेअर सावकाश शोधू लागलं. मग पडद्यावर एक ओळ उमटली, तेरा क्रमांकाचा उपग्रह सापडल्याची, साठ हजारांच्याही पलीकडे. मग पंधरा. मग चोवीस. सगळ्यांचा फरक जवळपास तेवढाच होता. वर सगळे आपापल्या जागी बरोबरच होते.

तिने तेवढी दुरुस्ती फाइलमध्ये घातली आणि पुन्हा सुरू केलं. आता तिघेही पटापट लागले, चौथा आला, पाचवा आला. जागा काढायला चार पुरतात. प्रत्येकाचा शब्द निघाला कधी आणि पोहोचला कधी यावरून तो किती दूर ते कळतं, आणि चौघांची अंतरं जुळली की खाली आपण कुठे ते ठरतं. अर्ध्या मिनिटाच्या आसपास गेलं असेल. मग आकडे आले. एकवीस अंश आणि पुढे दशांश, चौऱ्याहत्तर अंश आणि पुढे दशांश. ममताने ते नकाशावर टाकले. ठिपका धनुबाईंच्या गच्चीवर पडला, पाण्याच्या टाकीच्या जरा डावीकडे.

ती पायऱ्या उतरून खाली गेली. धनुबाई ताक घुसळत होत्या.

“मावशी, ते उनात.”

“कितला?”

“पाच.”

“मंग बठ, ताक पी,” धनुबाई म्हणाल्या, जणू पाहुणे आले होते आणि आता घाई कसली.

त्यानंतरचे महिने ममताच्या आयुष्यात फार निवांत गेले. कॉलेज सुटलं की ती गच्चीवर यायची, टाकीच्या सावलीत बसायची. पडद्यावर कोण उगवलं, कोण मावळलं ते दिसायचं. हळूहळू ओळख झाली. तेराव्याला ती सातपुड्याकडून चढताना धरायची, चोवीसावा तापीच्या बाजूला कलायचा. तिच्या लक्षात आलं की प्रत्येक जण आदल्या दिवशीपेक्षा चार मिनिटं आधी येतो. रोज चार मिनिटं. जो संध्याकाळी पाचला यायचा तो पंधरा दिवसांनी चारला यायचा, मग तीनला, असं सरकत सरकत वर्षभरात पुन्हा पाचला. ती डोळे मिटून बसली की तिला वाटायचं, आपल्या डोक्यावर केवढी मोठी ये-जा चालू आहे, बिनआवाजाची, आणि खाली शहादा आपल्या कापसाच्या गाठी मोजतंय. त्या येणाऱ्यांना तिची काहीच खबर नव्हती. ते कोणाकडे पाहत नव्हते, कोणाचं शेत मोजत नव्हते. ते फक्त आपलं नाव आणि वेळ सांगत जात होते. मोजणं, चुकणं, सगळं खाली ऐकणाऱ्याचं.

एप्रिलात ऊन त्रेचाळीसला गेलं आणि यंत्र तापून पुन्हा बहकायला लागलं. ममताने ते स्टीलच्या डब्यात बंद करून लांब तारेने खाली नेलं आणि धनुबाईंच्या माठाशेजारी तिवईवर ठेवलं. तिथे दिवसभर सारखाच गारवा.

“यंत्रले बी तहान लागस का?” धनुबाईंनी विचारलं. पण पाणी भरताना त्या डब्याला धक्का लागू देत नसत.

दिवाळीच्या सुट्टीत ममता सगळं सामान पिशवीत घालून खैरमाळला गेली आणि त्या कोपऱ्यावर जाऊन बसली. एका अंगाला नाला, नाल्यापलीकडे सरळ उभा कडा. तीन दिवस सकाळपासून ऊन उतरेपर्यंत तिने दर पाच मिनिटांनी आकडे टिपले. तिची आई रेवाबाई भाकरी आणि लसणाची चटणी तिथेच आणून द्यायची. तिसऱ्या दिवशी वहीवरून ममताला सगळं स्पष्ट दिसलं. दुपारी जे उपग्रह असत ते बहुतेक कड्याच्या मागे. एखाद्याचा आवाज सरळ न येता खडकावर आपटून उशिरा येई, यंत्राला तो लांबचा वाटे, आणि ठिपका उडी मारून नाल्यापार जाई. पण सकाळी दहा ते साडेअकरा सहा-सात जण मोकळ्या आकाशात उभे असत. तेवढा वेळ ठिपका कोपऱ्यावरच्या टेंभुर्णीच्या झाडापाशी थोडाफार हलत राही, पण नाला ओलांडत नसे.

“म्हणजे त्या माणसांनी खोटं केलं नव्हतं,” गोवाल म्हणाले.

“नाही बा. ते आले तेव्हा उपग्रह कड्यामागे असणार, एवढंच.”

गोवाल बराच वेळ कड्याकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांचा राग धरायला आता कोणी उरलं नव्हतं, आणि त्याने त्यांना हलकं वाटलं की रिकामं रिकामं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

ममताने आकडे आणि दोन पानांचा अर्ज लिहून दिला. ग्रामसभेने फेरमोजणीचा ठराव केला. डिसेंबरात निरोप आला की माणसं अमुक दिवशी अकरा वाजता येतील. ममताने वही उघडून हिशेब मांडला. दिवाळीतल्या टिपणांपासून त्या दिवसापर्यंत पंचेचाळीस दिवस होत होते. रोज चार मिनिटं म्हणजे तीन तास. दहाची वेळ त्या दिवशी सातला येणार होती. तिने मोजणीच्या साहेबांना फोन केला.

“सर, सात ते साडेआठच्या मधे यायला जमेल का?”

“थंडीत? डोंगरात? का हो?”

तिने कारण सांगितलं. साहेबांनी वेळा लिहून घेतल्या. “हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मी ऐकलंय,” ममता म्हणाली.

साहेब आदल्या संध्याकाळी येऊन शाळेत मुक्कामाला राहिले. सकाळी सव्वासातला, दरीत धुकं असताना, गोवाल पुन्हा यंत्र तळहातावर घेऊन बांधाने चालले. यंत्र तेच जुन्या चालीचं होतं. टेंभुर्णीपाशी ते थांबले, साहेबांनी सांगितलं तितका वेळ हललेही नाहीत. साहेबांनी आकडे पाहिले, कागदाशी ताडले आणि म्हणाले, “नाल्याच्या अलीकडेच आहे.” गोवालने मान हलवली. त्यांना ते ठाऊकच होतं. महिनाभराने नवा नकाशा आला.

मोजणीच्या त्या सकाळी साहेब चहा पीत असताना रेवाबाई ममताच्या पिशवीपाशी येऊन बसल्या. त्यांनी अँटेना उचलून उलटसुलट पाहिली.

“ह्याला विचार ना,” त्या हळूच म्हणाल्या. “तू कुठे झालीस ते.”

ममताच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव खैरमाळ होतं आणि तारीख एक जून, गुरुजींनी घातलेली. ती खरी नव्हती एवढं तिला माहीत होतं. त्या वर्षी आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत होते आणि ती तिकडे तोडकऱ्यांच्या झोपडीत, कोपीत, जन्मली.

“आई, ते मागचं सांगत नाही. आपण जिथे उभे असू तेवढंच सांगतं.”

“मग तिथे जाऊन उभं राहू.”

“तुला जागा आठवते?”

“कालवा होता. पाणी वरून खाली पडायचं. रात्रंदिवस तो आवाज. कोणत्या गावचं रान ते मुकादमाने सांगितलं नाही. आम्ही पण विचारलं नाही.”

जानेवारीच्या एका शनिवारी मायलेकी नवापूरला गेल्या, सीमा ओलांडली आणि पुढे एका रिक्षाने कालव्याच्या काठाकाठाने निघाल्या. सगळीकडे ऊस, सगळीकडे सारखाच. पाणी पडण्याच्या जागाही एकाहून जास्त. पहिल्या ठिकाणी रेवाबाईंनी मान हलवली. दुसऱ्या ठिकाणी उतरल्या, थोडं चालल्या, परत येऊन बसल्या. तिसऱ्या ठिकाणी त्या काठावर उभ्या राहून डोळे मिटून पाण्याचा आवाज ऐकत राहिल्या. समोरच्या रानात तोड चालू होती, पाचटाच्या चार-पाच कोप्या होत्या, एका कोपीबाहेर बाई लेकराला न्हाऊ घालत होती.

“इथे असेल,” रेवाबाई म्हणाल्या. मग जरा वेळाने, “इथेच.”

ममताने कालव्याच्या दगडी कठड्यावर अँटेना ठेवली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. मोकळं रान, आडवं काही नाही. उपग्रह एकामागून एक येत गेले, आठ झाले. रेवाबाईंनी चपला काढून पाय पाण्यात सोडले. आकडे स्थिरावले तसे ममताने ते वहीच्या कोऱ्या पानावर लिहिले, सहा दशांशांपर्यंत, आणि खाली आपलं नाव लिहिलं.

“लिहिलं?”

“लिहिलं.”

“वाच.”

ममताने वाचलं. रेवाबाईंना आकड्यांतलं काही कळलं नाही, पण त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. रिक्षावाला पंपाच्या खोलीच्या सावलीत झोपला होता. नवापूरची बस अडीचला होती, आणि दोघींपैकी कोणीच उठायचं नाव काढलं नाही.